तालीम, कवायत आणि वाव

मालवणहून देवबागकडे जाणारा रस्ता तारकर्लीत शिरतो तेव्हा एका अंगाला समुद्र असतो आणि दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. मधली जमीन वाळूची, माडांची आणि सुरूंची. सकाळच्या वेळी या वाटेने चालत गेले तर दोन आवाज ऐकू येतात. एक किनाऱ्यावरचा. रापणीचे जाळे होडीतून अर्धवर्तुळात टाकलेले असते, त्याच्या दोन टोकांचे दोर धरून माणसांच्या दोन रांगा वाळूत टाचा रोवून मागे मागे सरत असतात, आणि त्या ओढीला एक ठरलेली लय असते. दुसरा आवाज प्राथमिक शाळेच्या अंगणातला : 'सावधान! विश्राम! सावधान!' घरात 'खंय जातंस?' असे बोलणारी मुले या शब्दांबरोबर टाचा जुळवतात, पाय फाकवतात, पुन्हा जुळवतात. गुरुजी किंवा बाई एरवी मराठीत, रागावल्या तर मालवणीत बोलतात; पण या दहा मिनिटांपुरती त्यांची भाषा बदलते. 'दाहिने मूड', 'पीछे मूड', 'कदमताल'. मग प्रार्थना होते, प्रतिज्ञा होते आणि मुले वर्गात जातात. पुष्कळ शाळांत त्या दिवसाचे शारीरिक शिक्षण एवढ्यातच आटोपलेले असते.

या दोन दृश्यांत फार तर दोनशे पावलांचे अंतर असेल. पण एका ठिकाणच्या शरीराला दुसऱ्या ठिकाणच्या शरीराची ओळख नाही. रापण ओढणाऱ्याच्या मुलाला ताल, जोर, तोल, दुसऱ्याशी जमवून घेणे हे सारे घरातून मिळालेले असते. शाळेला त्याची कल्पना नसते. आणि शाळेत जे दिले जाते ते कोठून आले, कोणी आणले, ते हिंदीत का आहे, हे देणाऱ्या शिक्षकालाही कोणी सांगितलेले नसते. प्राथमिक शाळेतील शारीरिक शिक्षण हा आपल्याकडे विचार करण्याजोगा विषयच मानला जात नाही. मराठीच्या अध्यापकाने त्यात पडण्याचे काय कारण, असे कोणी विचारील. कारण शब्दांपासूनच सुरू होते.

मराठीत शरीर कमावण्याच्या जागेला आपण 'तालीम' म्हणतो. हा शब्द मूळ अरबी. त्याचा तिथला आणि उर्दूतला अर्थ 'शिक्षण'. तालमीत शिकवणारा तो 'वस्ताद'. हा फारसी 'उस्ताद', म्हणजे कोणत्याही विद्येचा गुरू. गाण्यातला उस्ताद मराठीने उस्तादच ठेवला, कुस्तीतल्याला वस्ताद केले. तिसरा शब्द 'कवायत'. अरबीत 'कायदा' म्हणजे नियम आणि 'कवाइद' हे त्याचे अनेकवचन. उर्दूत 'कवायद' म्हणजे व्याकरणसुद्धा. मराठीने एकवचन कचेरीला दिले, अनेकवचन मैदानाला. म्हणजे ज्या तीन शब्दांचा त्यांच्या मूळ घरी शिक्षण, शिक्षक आणि व्याकरण असा अर्थ होता, ते मराठीत येऊन शरीराचे शब्द झाले. शब्दांचा असा अर्थसंकोच सर्वच भाषांत होतो, त्याला फार महत्त्व देऊ नये, हे खरे. तरीही यातून एक गोष्ट दिसते. एके काळी मराठी समाजाला शरीर घडवणे हे 'शिकणे'च वाटत होते. ते मागून शाळेच्या बाहेर पडले. पुढचा सगळा इतिहास हे बाहेर पडलेले शरीर पुन्हा शाळेत आणण्याच्या खटपटीचा आहे.

*

जुन्या पंतोजींच्या शाळेत शरीर होते, पण ते शिक्षेपुरते. ओणवे करणे, अंगठे धरायला लावणे, उठाबशा काढायला लावणे, हे प्रकार आजच्या साठीच्या माणसांनीही अनुभवलेले आहेत. यातली उठाबशी पाहण्यासारखी आहे. तीच हालचाल तालमीत केली तर ती 'बैठक', आणि ती शंभरांनी मोजून मुलगा घरी अभिमानाने सांगतो. शाळेत तीच 'उठाबशी', आणि ती लपवायची गोष्ट. हालचाल एकच असताना एका जागी ती अंगात येते आणि दुसऱ्या जागी अंगावर येते. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने २००९ मध्ये शाळेतील शारीरिक शिक्षेला बंदी केली. पण मराठी मुलाच्या मनात शाळा आणि व्यायाम यांची पहिली गाठ शिक्षेने घातली होती, हे विसरून चालणार नाही.

तालीम आणि शाळा यांचे नाते मात्र नेहमीच असे तुटलेले नव्हते. पुण्यातील लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जोतीराव फुले दांडपट्टा शिकले. १८४८ मध्ये फुल्यांनी मुलींची शाळा काढली तेव्हा त्या कामाच्या पाठीशी उभ्या राहिलेल्यांत हे वस्ताद होते. लहुजींच्याच कुटुंबातली मुक्ता साळवे फुल्यांच्या शाळेत शिकली, आणि मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त छापून आला. तो निबंध आपण वाङ्मयाच्या वर्गात शिकवतो, आणि शिकवावाच. पण त्या अक्षरांच्या मागे एका तालमीचे संरक्षण होते, ही गोष्ट सांगायची बहुधा राहून जाते. शाळा चालू राहण्यासाठी तेव्हा दंडात बळ असलेली माणसे लागत होती.

सरकारी दप्तरात शरीर आले ते १८८२ च्या हंटर आयोगामुळे. प्राथमिक शाळांत देशी खेळ, कसरती आणि कवायत यांना उत्तेजन द्यावे, प्रत्येक शाळेच्या परिस्थितीला साजेल ते निवडावे, अशी शिफारस या आयोगाने केली. फुल्यांनी याच आयोगापुढे निवेदन दिले. खेड्यातल्या मुलांसाठी त्यांनी मागितलेल्या विषयांत मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीची माहिती यांच्याबरोबर नीतीचे व आरोग्याचे थोडे पाठ होते. आयोगाच्या शिफारशीतले 'देशी खेळ' आणि 'परिस्थितीला साजेल ते' हे शब्द चांगले होते. प्रत्यक्षात शाळांत पोचली ती कवायत. कारण उघड आहे. देशी खेळाला जागा लागते, जाणकार लागतो, वेळ लागतो. कवायतीला एक निवृत्त शिपाई आणि एक शिट्टी पुरते. 'ड्रिल मास्तर' हा मराठी शाळेतला नवा प्राणी तेव्हा जन्माला आला. शिक्षकांच्या खोलीत त्याची खुर्ची शेवटची असे, आणि मराठी कथा-नाटकांत तो आला तो बहुधा विनोदापुरता. 'अटेन्शन' आणि 'स्टँड अ‍ॅट ईज' या त्याच्या आज्ञा इंग्रजी होत्या.

*

या आज्ञा बदलल्या कशा, याची कथा आपल्याला बडोद्याला नेते. महाराज सयाजीराव गायकवाडांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेलीत सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सबंध संस्थानाला लागू केला. त्याच बडोद्यात जुम्मादादा नावाच्या मुसलमान वस्तादाचा आखाडा होता. त्यांचे शिष्य माणिकराव पुढे 'राजरत्न प्रोफेसर माणिकराव' म्हणून देशभर ओळखले गेले, आणि त्यांनी आपली संस्था गुरूच्याच नावाने 'जुम्मादादा व्यायाम मंदिर' म्हणून चालवली.

माणिकरावांपुढचा प्रश्न असा होता. तालमीतली विद्या एकाला एक अशी शिकवली जाते. वस्ताद एका पठ्ठ्याचा हात धरतो, त्याचा पाय हलवून दाखवतो, चुकले की पाठीवर थाप देतो. शाळेत चाळीस मुले असतात, संमेलनात चारशे. त्यांना दंड, बैठका, लाठी, लेझीम एकाच वेळी शिकवायची तर कवायतीचा साचा घ्यावा लागतो. त्यांनी तो घेतला, त्याला 'संघव्यायाम' म्हटले, आणि त्यातल्या इंग्रजी आज्ञांच्या जागी हिंदी आज्ञा आणण्याचे श्रेय परंपरेने त्यांनाच दिले जाते. बडोद्यात राज्यकर्ते मराठी, प्रजा गुजराती, वस्ताद उर्दू-हिंदुस्तानी बोलणारे. अशा ठिकाणी सर्वांना चालेल अशी आज्ञेची भाषा शोधताना हिंदीवर बोट पडणे साहजिक होते. तारकर्लीच्या अंगणात आजही 'पीछे मूड' ऐकू येते त्याच्या मागे अशी एक बहुभाषिक नगरी उभी आहे. पुढे आज्ञांच्या या भाषेला राजकीय रंगही चढले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या शाखेत 'दक्ष' आणि 'आरम' अशा संस्कृत आज्ञा आल्या. कोणत्या भाषेत 'सरळ उभा राहा' म्हणायचे, हा प्रश्न वाटतो तितका निरुपद्रवी नसतो.

बडोद्याने मराठीला आणखी एक गोष्ट दिली : द. चिं. मुजुमदारांनी संपादित केलेला 'व्यायाम ज्ञानकोश'. त्याचे दहा खंड मराठीत निघाले, आणि त्यांचे सार असलेला एक इंग्रजी ग्रंथ १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. मल्लखांबाची पकड, लेझमीचे हात, आट्यापाट्यांच्या पाट्या यांचे शब्दांत आणि चित्रांत वर्णन करण्याचा एवढा मोठा उद्योग फार थोड्या भाषांत झाला असेल. कोशवाङ्मयाच्या इतिहासात आपण केतकरांचा ज्ञानकोश सांगतो, विश्वकोश सांगतो. व्यायाम ज्ञानकोशाचे नाव क्वचितच घेतो. एखादी हालचाल वाचकाला केवळ वाचून करता यावी असे गद्य लिहिणे किती अवघड असते, हे ज्याने 'उजवा पाय पुढे, गुडघा किंचित वाकवून, टाच जमिनीला टेकवून' अशा ओळी लिहून पाहिल्या असतील त्यालाच कळेल. मराठी गद्याने ही कसरत केलेली आहे. ती आपल्या हिशेबात धरलेली नाही.

सातारा भागातल्या औंध संस्थानात दुसरा प्रयोग चालला होता. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी तरुणपणी सँडो या युरोपीय मल्लाच्या पद्धतीने व्यायाम करीत. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि १९०९ मध्ये गादीवर आल्यानंतर त्यांनी ते संस्थानातल्या शाळांत नेमाने सुरू केले. सूर्यनमस्कारांवर त्यांनी मराठीत आणि इंग्रजीत पुस्तके लिहिली. १९३८ मध्ये इंग्लंडच्या वाचकांसाठीही त्यांचे पुस्तक निघाले. बाळासाहेबांचा मुद्दा शिक्षकाच्या दृष्टीने फार व्यवहारी होता : या व्यायामाला पैसा लागत नाही, साधन लागत नाही, माणूस आडवा होईल एवढी जागा पुरते, आणि मुलगी, मुलगा, म्हातारा सर्वांना तो करता येतो. दरिद्री प्राथमिक शाळेला याहून सोयीचे काय असणार? पण याच सोयीतून एक सवय पडली, की प्राथमिक शाळेतील शारीरिक शिक्षण हे बिनखर्चाचेच असले पाहिजे. ती सवय संस्थान गेल्यावरही टिकली.

*

१९३७ हे साल या इतिहासात फार दाट आहे. त्या वर्षी मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले. खेरांचा जन्म रत्नागिरीचा, आणि शिक्षणखाते त्यांनी स्वतःकडे ठेवले होते. शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी सरकारने मंडळ नेमले आणि त्याच्या अध्यक्षपदी लोणावळ्याच्या कैवल्यधामाचे स्वामी कुवलयानंद आले. कुवलयानंद म्हणजे पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे. तरुणपणी त्यांनी बडोद्याला माणिकरावांकडे धडे घेतले होते, पुढे खानदेशात अमळनेरला शिक्षकी केली होती, आणि १९२४ मध्ये लोणावळ्याला योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला होता. म्हणजे जुम्मादादा, माणिकराव, कुवलयानंद अशी ही परंपरा एका मुसलमान वस्तादाच्या आखाड्यातून निघून थेट सरकारी अभ्यासक्रमापर्यंत पोचते. १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करणारी सरकारी संस्था निघाली. ड्रिल मास्तर ऐवजी प्रशिक्षित शिक्षक, ही कल्पना मराठी मुलखात सरकारी पातळीवर रुजली ती इथे.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींनी शिक्षणपरिषद बोलावली आणि झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगी शिक्षणाची योजना तयार केली. तिला नाव मिळाले 'नई तालीम'. तालीम हा शब्द मराठी मुलखातच त्याच्या मूळ अर्थाने परत आला. या योजनेत शरीराला स्वतंत्र तास नव्हता. व्यायाम-खेळ हे सामान्य विज्ञानाचे एक अंग म्हणून आले होते. याचे कारण योजनेच्या गाभ्यातच आहे. जो मुलगा रोज सूत काततो, माती खणतो, झाडांना पाणी घालतो, त्याचे हात शिकतच असतात. हातांचे शिकणे हाच शिक्षणाचा मध्य, मग त्याला वेगळा व्यायाम कशाला?

इथे दोन विचार समोरासमोर उभे राहतात. एक म्हणतो, काम हाच व्यायाम. दुसरा म्हणतो, काम शरीराला एकांगी करते. व्यायाम ते समतोल करतो, आणि खेळ त्याला आनंद देतो. तारकर्लीच्या किनाऱ्यावर उभे राहून पाहिले तर दोन्ही अर्धे खरे वाटतात. रापण ओढणाऱ्याचे खांदे आणि पोटऱ्या कोणत्याही व्यायामशाळेला हेवा वाटावा अशा असतात. पण त्याची कंबर चाळिशीत काय म्हणते ते त्यालाच विचारावे. कष्टकऱ्याच्या मुलाला 'तुझे काम हाच तुझा व्यायाम' असे सांगणे सोपे असते, आणि त्यात थोडी आपमतलबी सोयही असते. त्या मुलाला खेळण्याचा अधिकार आहे, कारण खेळ ही अशी एकच हालचाल आहे जिच्यातून दुसऱ्या कोणाला मासळी, भात किंवा पैसा मिळायचा नसतो. उलट, ज्याचे शरीर घरी इतके काही शिकले आहे त्याला शाळेत फक्त टाचा जुळवायला लावणे हाही त्याच्या शिकण्याचा अपमानच. वर्ध्याच्या विचाराने पहिली बाजू सोडली, कांदिवलीच्या विचाराने दुसरी. या दोघांची खरी गाठ पडली असती तर प्राथमिक शाळेचे अंगण वेगळे दिसले असते.

*

स्वातंत्र्यानंतरच्या टप्प्यात याच जिल्ह्यातला एक माणूस मध्यभागी उभा आहे, आणि इथल्या शाळांतूनही त्याचे हे काम फारसे सांगितले जात नाही. जनरल जगन्नाथराव भोसले यांचा जन्म १९०६ चा, सावंतवाडी संस्थानातल्या तिरोडे गावचा. डेहराडूनच्या लष्करी विद्यालयात आणि मग सँडहर्स्टला त्यांचे शिक्षण झाले. १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर ते आझाद हिंद सेनेत गेले आणि सुभाषबाबूंच्या नेतृत्वाखाली त्या सेनेचे चीफ ऑफ स्टाफ झाले. १९५२ च्या निवडणुकीत ते तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातून लोकसभेवर गेले आणि पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. सावंतवाडीत त्यांच्या नावाचे उद्यान आहे. तिथे संध्याकाळी मुले खेळतात.

फाळणीने दिल्लीत आणून टाकलेल्या निर्वासितांची मुले पुनर्वसन खात्याच्या आश्रयाखाली होती. १९५४ मध्ये लाजपतनगरच्या कस्तुरबा निकेतनात भोसल्यांनी या मुलांसाठी 'राष्ट्रीय शिस्त योजना' सुरू केली. सामुदायिक कवायत, समूहगीते, थोरांच्या गोष्टी, स्वच्छता, रांगेत चालणे. योजनेच्या नावात 'शिस्त' आहे म्हणून आज आपल्याला ती लष्करी वाटेल, आणि ती काही अंशी होतीही. पण ज्या मुलांनी घर, गाव, कधी आईबाप गमावले आहेत, ज्यांचा दिवस कोणत्याच वेळापत्रकात बसत नाही, त्यांना रोज सकाळी एका ठरलेल्या जागी, ठरलेल्या मुलाशेजारी उभे राहायला मिळणे ही साधी गोष्ट नव्हती. सँडहर्स्टमध्ये इंग्रजीत शिकलेली कवायत या माणसाने आझाद हिंद सेनेत हिंदुस्तानीत चालवली, आणि शेवटी अनाथ मुलांच्या अंगणात आणली. तिच्या या शेवटच्या मुक्कामी शत्रू कोणीच नव्हता.

योजना यशस्वी झाली, आणि आपल्याकडे यशाचे जे होते ते तिचे झाले : ती सर्वांना लागू करण्यात आली. शिक्षण मंत्रालयाकडे ती गेली, तिच्या प्रशिक्षकांसाठी राजस्थानात सरिस्क्याला केंद्र निघाले, राज्याराज्यांतल्या शाळांत तिचे निदेशक जाऊ लागले. शारीरिक शिक्षण, शिस्त योजना, सैनिकी छात्र पथके अशा अनेक योजना एकाच मुलावर येऊन आदळू लागल्या, तेव्हा त्यांचा मेळ घालण्यासाठी १९५९ मध्ये हृदयनाथ कुंझरू यांची समिती नेमली गेली. भोसले १९६३ मध्ये वारले. कुंझरू समितीच्या अहवालानंतर १९६५ पासून या योजना 'नॅशनल फिटनेस कोअर' या एका छत्राखाली आणल्या गेल्या, आणि भोसल्यांच्या योजनेचे वेगळे नाव हळूहळू पुसले गेले.

लगोलग आलेल्या कोठारी आयोगाने (१९६४–६६) एक नेमकी टीका केली : अलीकडच्या सरकारी योजना शारीरिक शिक्षणातून फक्त तंदुरुस्तीच पाहतात, त्याचे शैक्षणिक मोल विसरतात. ही टीका आजही शिळी झालेली नाही. निर्वासित मुलाला ज्या कवायतीने आधार दिला तीच कवायत, ज्याचे घर-गाव जागेवर आहे अशा मुलाला, कारण न सांगता, वर्षानुवर्षे दिली की तिचा अर्थ 'गप्प उभा राहा' एवढाच उरतो. औषधाचा आहार केला तर असेच होणार.

*

महाराष्ट्रात १९६२ पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे आल्या. या शाळेत शारीरिक शिक्षणाचा वेगळा शिक्षक नसतो. वर्गशिक्षकच भाषा, गणित, परिसर आणि खेळ शिकवतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. पण ती सहावी ते आठवीसाठी, आणि पटावर शंभराहून अधिक मुले असतील तर. म्हणजे ज्या वयात मूल धावायला, उडी मारायला, झेलायला, पडायला शिकते, त्या पहिली ते पाचवीसाठी कायद्याने मैदान आणि साहित्य सांगितले, माणूस सांगितला नाही. 'बालभारती'ने 'खेळू, करू, शिकू' या नावाने पहिली ते पाचवीसाठी शारीरिक शिक्षण, कार्यानुभव आणि कला यांची एकत्र पुस्तके काढली. नाव चांगले आहे. क्रियापदांचा क्रमही बरोबर आहे. पण एकाच शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असलेल्या शाळेत हे पुस्तक उघडायला उसंत कोणाला?

सिंधुदुर्गात तर दुसरीच अडचण आहे. कबड्डीला एका बाजूला सात खेळाडू लागतात, खो-खोला नऊ. माणसे मुंबईला गेली, जन्मप्रमाण घटले, उरलेल्यांतली काही मुले इंग्रजी माध्यमाच्या बसमध्ये बसली. पटावर दहा-बारा मुले असलेल्या शाळेत दोन संघ होणार कसे? पहिलीतला मुलगा आणि पाचवीतली मुलगी एकाच डावात कशी खेळणार? पण इथेच जुन्या खेळांकडे पुन्हा पाहता येते. लगोरी, विटीदांडू, लंगडी हे खेळ संख्येबद्दल हट्टी नसतात, आणि लहानग्याला 'कच्चा लिंबू' करून सांभाळून घेण्याचा कायदा त्यांच्यात आधीपासून आहे. विटीदांडू मोजताना मुले 'वकट, लेंड, मुंड, नाल' म्हणत आली; ही तेलुगूतली एक, दोन, तीन, चार. शाळेने हे कधी शिकवले नाही. कोणत्या काळी, कोणत्या वाटसरूंबरोबर हे आकडे आले आणि पोरांच्या तोंडी बसले! कवायतीने आपल्याला हिंदी दिली ती आज्ञेची. विटीदांडूने तेलुगू दिली ती आनंदाची. चवथीच्या सणात गावोगावी बायका-मुली रंगवतात त्या फुगडीचेही असेच आहे. दम, तोल आणि समोरच्या व्यक्तीवरचा विश्वास यांची त्याहून चांगली परीक्षा कोणत्या पाठ्यक्रमात आहे? पण ती शाळेच्या नोंदवहीत 'सांस्कृतिक कार्यक्रम' या सदरात जाते.

आणि शेवटी पाणी. तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे. परगावची माणसे इथे येऊन समुद्राखाली श्वास घ्यायला शिकतात. ४ डिसेंबर २०२३ च्या नौदल दिनी याच किनाऱ्यावरून युद्धनौकांची प्रात्यक्षिके देशाने पाहिली. याच किनारपट्टीवर एप्रिल २०१७ मध्ये वायरी येथे बेळगावहून सहलीला आलेल्यांपैकी आठ जण बुडाले, आणि मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघे गेले. यावरून कोणावर बोट ठेवायचे नाही. उधाणलेल्या पाण्यापुढे पट्टीचा पोहणाराही कमी पडतो. पण आपल्या बहुतेक शाळांत दहा वर्षे चालणाऱ्या शारीरिक शिक्षणात पाण्याबद्दल एक धडासुद्धा नसतो, ही गोष्ट अशा बातम्यांनंतर टोचते. इथल्या कोळ्यांची, गाबितांची मुले खाडीत पोहायला शिकतात ती काका-मामांकडून. ओहोटी कधी ओढते, कोणत्या पाण्यात उतरू नये, बुडणाऱ्याला कोणत्या बाजूने धरावे, हे ज्ञान किनाऱ्यावर आहे. ते दोनशे पावले चालून शाळेत आलेले नाही. १८८२ च्या आयोगाने 'परिस्थितीला साजेल ते' असे म्हटले होते. तारकर्लीच्या परिस्थितीला पाण्याहून अधिक साजणारे काय आहे?

लेखाच्या आरंभी काही शब्द सांगितले, तसेच दोन शेवटी सांगतो. संस्कृतात 'व्यायाम' म्हणजे ताणणे, पसरणे. शुल्बसूत्रांत तर व्यायाम हे लांबीचे माप आहे. त्याचाच सख्खा शब्द 'व्याम' : दोन्ही हात फाकवले असता एका बोटांच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर. याचा मराठी वंशज म्हणजे 'वाव'. इथले मच्छीमार पाण्याची खोली आणि दोराची लांबी वावांत सांगत आले आहेत. शाळेत जो शब्द एका तासाचे नाव झाला त्याचा भाऊ किनाऱ्यावर अजून कामावर आहे.

चौथीतल्या मुलांना एकदा अंगणात हात पसरून उभे करावे, त्यांनी एकमेकांचे वाव दोरीने मोजावेत, किती वावांत शाळेची भिंत संपते ते पाहावे, आणि घरी जाऊन विचारावे की आपल्या खाडीला किती वाव पाणी. गणित, भाषा, परिसर आणि व्यायाम एका तासात होतील, खर्च दोरीचा, आणि औंधच्या बाळासाहेबांनाही ते पटेल. मराठीत उच्चाराने अगदी तसाच दुसरा एक 'वाव' आहे, संधी आणि मोकळीक या अर्थाचा. प्राथमिक शाळेतल्या शरीराला तो मिळाला पाहिजे, एवढेच मागणे आहे. सावधान म्हणायला हरकत नाही. पण विश्रामानंतर काय, हे शिक्षकाला माहीत हवे, आणि ते मुलालाही ठाऊक असले पाहिजे.